स्क्रीन बंद केली की १५ मिनिटांत गाणं गप? म्युझिक प्लेयर बदलायच्या आधी हे पाहून घ्या

गेल्या दीड वर्षात मी फोनमध्ये अकरा म्युझिक प्लेयर टाकले अन् काढले, खोटं नाही सांगत, प्ले स्टोअरच्या यादीत जाऊन मोजले. प्रत्येक वेळी कहाणी तीच, स्क्रीन बंद करून फोन खिशात टाकला की थोड्या वेळाने गाणं आपोआप बंद, मग वैतागून ॲप काढा, साडेचार स्टारवालं दुसरं शोधा, पुन्हा प्लेलिस्ट लावा, दोन दिवसांनी पुन्हा तेच. आता तीन महिन्यांपासून एकच ॲप आहे अन् नीट वाजून राहिलं. जी गोष्ट सापडली तिचा ॲपशी फार थोडा संबंध होता, अन् ऑफिसात चौघांना हीच भानगड आहे, प्रत्येकाला चहाच्या टपरीवर उभं राहून तेच तेच सांगून माझं डोकं पिकलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

माझं रोजचं जाणं-येणं नागपूरच्या मेट्रोनं. इंदोरा चौकात चढतो, खापरीला उतरतो, पुढे मिहान. गाणं रोज राहाटे कॉलनीच्या आसपास बंद पडायचं. रोज म्हणजे रोज. मी तर पक्कं ठरवून टाकलं होतं की तिथं मेट्रोच्या वरच्या वायरीचं काहीतरी आहे, करंटमुळे ब्लूटूथ तुटत असेल, अन् हे मी लोकांना छातीठोकपणे सांगतही होतो. मग एक दिवस सदर भागात काम होतं, तिकडून कस्तुरचंद पार्कला चढलो, अन् राहाटे कॉलनी गेली, अजनी गेली, छत्रपती चौक गेला, गाणं सुरूच. मनात म्हटलं वा, आज सुधारलं वाटते. जयप्रकाश नगरला गप्प. तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. इंदोऱ्यापासून राहाटे कॉलनी सातवं स्टेशन, कस्तुरचंद पार्कपासून जयप्रकाश नगरही सातवं. जागेचा काही संबंधच नव्हता, चढल्यावर मी फोन खिशात टाकायचो तिथून साधारण १५ मिनिटं मोजून कोणीतरी गाणं मारत होतं. वायरीला उगाच बदनाम केलं.

तर पहिली गोष्ट, गाणं बंद पडलं की लगेच ॲप उघडून प्ले दाबू नका. सगळे तेच करतात, मीही करायचो, अन् त्यातच पुरावा जातो. आधी वरची पट्टी खाली ओढून पाहा की प्लेयरची चौकट, म्हणजे ते गाण्याचं नाव अन् प्ले-पॉजवालं नोटिफिकेशन, तिथं आहे की गायब झालं. गायब असेल तर फोननेच ॲप मारलं. आहे, पण पॉज होऊन बसलंय, तर ॲप जिवंत आहे, त्याला कोणीतरी थांबायला सांगितलं, तो वेगळा आजार. अन् गाणं बंद न होता अर्ध्यात तुटून पुढच्यावर गेलं असेल तर फाइल नाहीतर कार्ड पाहायचं. नव्या फोनांत एक घोळ आहे, ॲप मेलं तरी ती चौकट कधी कधी तशीच राहते, मग तिच्यावरचं प्ले दाबा, थांबलं होतं तिथूनच झटकन पुढे वाजलं तर ॲप जिवंत होतं, अन् एक-दोन सेकंद काहीच नाही, मग ॲप नव्याने उघडल्यासारखं झालं तर मेलं होतं.

माझ्या फोनात चौकट गायब. म्हणजे मारलं.

आता फोन काहून मारतो? अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या सहाव्या व्हर्जनपासून डोझ नावाचा प्रकार आला, फोन बराच वेळ नुसता पडून असला, चार्जरला नसला, की मागे चालणाऱ्या ॲपांना झोपवायचं. मग २०१७ च्या आठव्या व्हर्जनपासून आणखी कडक झालं, मागे चालायचं असेल तर ॲपने वर नोटिफिकेशन लावून ठेवायचं, म्हणजे मालकाला दिसलं पाहिजे की हे चालू आहे. सगळे नीट लिहिलेले म्युझिक प्लेयर हे करतातच, त्यामुळे गूगलच्या नियमाने पाहिलं तर वाजत्या गाण्याला कोणी हात लावायला नको. पण बऱ्याच फोन कंपन्या त्याच्यावर आपला वेगळा बॅटरी वाचवायचा जुगाड बसवतात, अन् तो जुगाड नोटिफिकेशन-बिटिफिकेशन काही पाहत नाही, स्क्रीन बंद झाली, इतका वेळ झाला, चला निघा. जाहिरातीत दोन दिवस बॅटरी चालते म्हणतात ना, ती अशी चालते. माझा फोन कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण हे एकाच कंपनीचं नाही. डोन्ट किल माय ॲप नावाची एक वेबसाइटच आहे, तिथं कंपनीनुसार लिहून ठेवलंय की कोणत्या फोनात कुठं जाऊन काय बंद करायचं. इंग्रजीत आहे पण मेनूचीच नावं आहेत, समजते.

खात्री करायची सोपी तऱ्हा सांगतो. रात्री फोन चार्जरला लावा, गाणं लावा, स्क्रीन बंद करा, तासभर हात लावू नका. मग तेच चार्जर काढून करा. चार्जरवर तासभर वाजलं अन् चार्जर काढला की पंधरा-वीस मिनिटांत मेलं, तर बॅटरीवालाच गुन्हेगार समजा. दोन्हीकडे मेलं तर मात्र निर्दोष सुटला असं नाही, काही फोन चार्जरवरही मारतात, पण बहुतेक वेळा इथंच उत्तर मिळून जाते.

उपाय दोन मिनिटांचा आहे पण तीन वेगवेगळ्या जागी जावं लागते अन् लोक एकच करून सोडतात. सेटिंगमध्ये ॲप्स, त्यात तुमचा प्लेयर, त्यात बॅटरी, तिथं 'ऑप्टिमाइज्ड' असं निवडलेलं असते, ते 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, काही फोनात 'नो रिस्ट्रिक्शन्स' लिहिलेलं असते. हे झालं एक. दुसरं, 'ऑटोस्टार्ट' किंवा 'बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी' नावाची वेगळी यादी असते, ती कधी सेटिंगमध्ये तर कधी कंपनीच्या सिक्युरिटी ॲपमध्ये लपवलेली, तिथं प्लेयरसमोरचं बटण चालू करा. तिसरं, चालू ॲपांची यादी उघडते ना, ती कार्डं सरकवतो आपण, तिथं प्लेयरचं कार्ड दाबून धरलं की कुलपाचं चिन्ह येते, ते लावून टाका. कुलूप नसलं की तुम्ही सवयीनं 'क्लिअर ऑल' दाबता अन् गाणंही झाडून निघून जाते. आमचे काका दर दहा मिनिटांनी ते दाबतात, म्हणे फोन हलका होतो, अन् मग म्हणतात गाणं टिकत नाही.

काकांकडूनच आणखी एक आठवलं, ते बूस्टर, क्लीनर नावाचे ॲप. रॅम साफ करतो, व्हायरस काढतो, फोन थंड करतो. नागपूरच्या मे महिन्यात ४५ डिग्रीत फोन थंड करायचं ॲप, म्हणजे कमालच आहे. हे असतील तर आधी काढा, मग बाकी सगळं. वरच्या तिन्ही गोष्टी करूनही गाणं बंद पडून राहिलं असेल तर दहातल्या सहा वेळा असलं काहीतरी बसलेलं असते. सहा हा माझा अंदाज, कोणी पुरावा मागू नका.

आता दुसरा आजार, चौकट आहे पण पॉज. हा जास्त मजेशीर आहे अन् यात ॲप बदलून शून्य फायदा. माझी बहीण धरमपेठेत क्लासला जाते, गाडीवर नाही तर ऑटोनं, अन् उन्हाळ्यात आपल्याकडच्या पोरींची ती पद्धत माहीतच आहे, दुपट्टा असा गुंडाळतात की फक्त डोळे दिसले पाहिजे, घरच्यांनीही ओळखू नये. तिची तक्रार होती की ऑटोत बसलं की गाणं थांबते, पुढे जाते, कधी फोन लागतो कोणाला तरी. घरी एकदम बरोबर. आम्ही फोन पाहिला, ब्लूटूथ पाहिलं, एकदा तर इयरबड्स बदलून आणले. मग कळलं, बड्सच्या पाठीवर टच असते, एकदा टेकवलं की पॉज, दोनदा की पुढचं गाणं, अन् दुपट्टा घट्ट बसला की तो हलताना टेकत राहतो. बड्सच्या कंपनीच्या ॲपात जाऊन टच कंट्रोल बंद केलं, विषय संपला. काही बड्सना कानातून निघाल्याचं ओळखणारं सेन्सरही असते, बड कानात सैल बसला की त्यालाही वाटते काढलं, ते पण तिथूनच बंद होते.

वायरवाले इयरफोन असतील तर घाम पाहा. त्या वायरीवर जे बटण असते ते दाबलं की आतमध्ये माइकची तार अन् अर्थची तार एकमेकींना चिकटतात, फोन त्यावरून समजतो की बटण दाबलं. घाम गेला, नाहीतर जॅकच्या भोकात खिशातला कचरा बसला, की न दाबताच तेच होते, गाणं थांबते, नाहीतर मध्येच असिस्टंटवाली बाई बोलायला लागते. टूथपिकने हळूच कचरा काढा, फोन बंद करून, अन् सुई घालू नका.

ब्लूटूथमध्ये अजून एक, बड्स एकाच वेळी फोन अन् लॅपटॉप दोन्हीला जोडलेले असले की लॅपटॉपवर नुसता मेलचा टुंग आवाज आला तरी इकडचं गाणं थांबू शकते. ऑफिसातल्या चौघांपैकी दोघांचं हेच निघालं. आणि व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट ऐकली की गाणं थांबते अन् कधी कधी परत सुरू होत नाही, याचं कारण अँड्रॉइडमध्ये आवाजाचा ताबा एका वेळी एकाच ॲपच्या हातात द्यायची पद्धत आहे, ऑडिओ फोकस म्हणतात त्याला. दुसऱ्यानं 'थोड्या वेळासाठी दे' म्हणून मागितला तर गाणं नंतर परत सुरू होते, 'मलाच दे' म्हणून मागितला तर थांबते ते थांबतेच. चांगल्या प्लेयरांत यासाठी सेटिंग असते, ऑडिओ फोकस नावाने शोधा, कॉलनंतर परत सुरू करायचं की नाही ते तिथं निवडता येते.

बाबांच्या फोनची गोष्ट सांगतोच. ते रात्री खंजिरी भजनं लावून झोपतात अन् गेले कितीतरी महिने सांगत होते की बरोबर अर्ध्या तासानं बंद होते, नवा फोन घ्या. मी माझा अनुभव असल्यामुळे एकदम डॉक्टरसारखा गेलो, अनरिस्ट्रिक्टेड केलं, ऑटोस्टार्ट केलं, कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशीही बरोबर अर्ध्या तासानं बंद. मग प्लेयर उघडून नीट पाहिलं तर स्लीप टायमर, ३० मिनिटं, कोण्या तरी नातवंडानं खेळता खेळता लावून ठेवलेला. टायमर काढला. बाबा म्हणाले, तुझ्या इंजिनिअरिंगचे पैसे आता वसूल झाले.

तिसरा प्रकार फाइलचा. आपल्यातले बरेच जण अजूनही जुन्या गाण्यांचा साठा सांभाळून आहेत, सीताबर्डीच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणे भरून मिळायचे त्या काळातला, लग्नाचे, भीमगीतांचे, पोळ्याचे, सगळे एकाच फोल्डरात, अन् गाण्याच्या नावापुढे कोण्या तरी वेबसाइटचं नाव चिकटलेलं. गाणं ठराविक जागीच तुटत असेल तर फाइल अर्धवट आहे, साइज पाहा, १२८ केबीपीएसचं एमपीथ्री मिनिटाला साधारण १ एमबी होते, तर पाच मिनिटांचं गाणं २ एमबीचं असेल तर ते अर्धं कुठं तरी रस्त्यातच राहिलं. अन् कोणतंही गाणं कुठंही तुटत असेल तर तेच पाच-सहा गाणे कार्डातून फोनच्या मेमरीत टाकून पाहा, तिथं नीट वाजले तर कार्ड मरून राहिलं, आजच सगळं काढून घ्या, उद्यावर ठेवू नका. माझ्या एका मित्रानं उद्यावर ठेवलं.

अन् त्या साठ्यातलं दुसरं दुखणं म्हणजे मराठी नावाच्या जागी चौकटी नाहीतर प्रश्नचिन्हं. हे मला फार दिवस समजत नव्हतं की एकाच गाण्याचं नाव एका ॲपात नीट अन् दुसऱ्यात कचरा काहून दिसते. एमपीथ्रीच्या आत गाण्याचं नाव लिहायची जी जुनी पद्धत आहे, आयडीथ्रीचं पहिलं व्हर्जन, १९९६ चं, त्यात नावासाठी फक्त ३० बाइट जागा आहे अन् ती इंग्रजी अक्षरं धरूनच केलेली. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या आजच्या नेहमीच्या युनिकोड पद्धतीत, ३ बाइट खाते, म्हणजे दहा चिन्हांत जागा संपली, त्यात काना-मात्राही मोजल्या जाते. जोडाक्षर आलं तर हलंत वेगळा. पुढच्या व्हर्जनमध्ये जागा भरपूर अन् युनिकोडही चालते. फाइलीत दोन्ही लिहिलेलं असू शकते, एक ॲप नवं वाचते, दुसरं जुनं वाचून बसते. अन् काही फाइलींत तर नाव युनिकोडमध्ये नाहीच, जुन्या डीटीपीच्या, म्हणजे छपाईवाल्यांच्या, फॉन्टमध्ये टाइप केलेलं, ते कोणत्याच ॲपात वाचता येणार नाही. कॉम्प्युटरवर एमपीथ्रीटॅग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात सगळे गाणे टाकायचे, जुनं व्हर्जन काढून आयडीथ्री २.३, यूटीएफ-१६ मध्ये सेव्ह करायचे. मी एका रविवारी अडीचशे गाणे केले, पोह्यावरची तर्री गार झाली पण झाले.

गाणेच दिसत नसतील तर परवानगी पाहा, अँड्रॉइड १३ पासून फोटो, व्हिडिओ अन् गाण्यांची परवानगी वेगवेगळी मागते, घाईत एकाला नाही म्हटलं की लायब्ररी रिकामी. अन् एखादाच फोल्डर दिसत नसेल तर त्यात 'डॉट नोमीडिया' नावाची रिकामी फाइल पडलेली असते, ती उडवा. याच्या उलट, गाण्यांमध्ये कॉल रेकॉर्डिंग अन् व्हॉट्सॲपवरचे 'सुप्रभात' घुसत असतील तर चांगल्या प्लेयरात फोल्डर वगळायची सोय असते, अमुक सेकंदांपेक्षा छोटी फाइल दाखवू नको असंही सांगता येते. शफलवर मस्त गाणं संपून एकदम शेजारच्या काकूंचा पाणी आलं का वाला निरोप लागला की समजते या सेटिंगची किंमत.

आता मुख्य प्रश्न, मग घ्यायचं कोणतं. हे सगळं झाल्यावर मला कळलं की मी अकरा वेळा चुकीच्या गोष्टीसाठी ॲप निवडत होतो, रंग पाहत होतो, इक्वलायझर पाहत होतो. आता मी फक्त तीन गोष्टी पाहतो. फोल्डरनुसार गाणे दाखवते का, कारण आपल्या गाण्यांचे टॅग असेच असणार. ऑडिओ फोकसची सेटिंग आहे का. अन् इंटरनेटची परवानगी कायले मागते.

म्युझिकोलेट त्या तिसऱ्या परीक्षेत पहिला येते, ते इंटरनेटची परवानगी घेतच नाही, त्यामुळे जाहिरात दाखवायची सोयच नाही. एकापेक्षा जास्त रांगा ठेवता येतात, म्हणजे भजनं अर्धी सोडून दुसरं लावलं तरी भजनं तिथंच थांबून राहतात, अन् इयरफोनच्या बटणावर एकदा दाबलं की पॉज, दोनदा की पुढचं, तीनदा की मागचं. मी यावर आहे. बाबांना व्हीएलसी दिलं, तो नारंगी शंकूवाला, दिसायला साधा पण कोणतीही फाइल टाका, वाजवते, व्हिडिओही. ज्यांना आवाजाशी खेळायची हौस आहे त्यांनी पॉवरॲम्प थोडे दिवस फुकट वापरून पाहावा, मग पैसे द्यावे, मला कानाला तेवढा फरक कळत नाही. एआयएमपीही ठीक आहे, फोल्डरवाल्यांसाठी.

ऑनलाइनवाल्यांचं वेगळं आहे. यूट्यूबवर गाणं लावून स्क्रीन बंद केली की थांबते हा बिघाड नाही भाऊ, पैसे भरल्याशिवाय ते मागे वाजतच नाही, त्यासाठी बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन काही होणार नाही. स्पॉटिफायमध्ये डाउनलोड केलेले गाणे गायब झाले म्हणून कोणी घाबरलं असेल तर ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेट सुरू करून ॲप उघडावं लागते, नाही उघडलं की डाउनलोड निघून जातात. गावी नेटवर्क नाही अन् महिनाभर राहणार असाल तर स्वतःच्या एमपीथ्री फायली सोबत ठेवा.

एवढं सगळं करून तीन महिने सुखात गेले अन् परवा रात्री फोनला अपडेट आलं. काल इंदोऱ्यात चढलो, कानात घातलं, राहाटे कॉलनीला गप्प. या वेळी प्ले स्टोअर नाही उघडलं, पट्टी खाली ओढली, चौकट गायब, सेटिंगमध्ये गेलो तर अनरिस्ट्रिक्टेडचं परत ऑप्टिमाइज्ड होऊन बसलेलं, ऑटोस्टार्ट अन् कुलूप मात्र जागेवर. बदलून टाकलं, अजनी यायच्या आत गाणं सुरू.